आंगणातला बाक

आमच्या आंगणात एक बाक आहे, मोडीत निघालेल्या बैलबंडीच्या सागवानी फळ्यांचा. नवा होता तेव्हा हौसेनं मी त्याला चकचकीत वार्निशचे तीन हात मारले. येणारा-जाणारा बसायच्या आधी हात फिरवून पाहायचा.

दोन उन्हाळे निघाले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि त्याच तापल्या लाकडावर मृगाचा पाऊस कोसळतो. लाकूड फुगतं, आकसतं. वार्निशचा कडक पापुद्रा त्याच्यासोबत हलत नाही. आधी केसाएवढी चीर पडली, मग चिरेतून पाणी आत शिरलं. पोळ्यापर्यंत बाकाची साल कांद्यासारखी सुटली. बसून उठलेल्या माणसाच्या धोतराला मागून पापुद्रे.

ते खरवडण्यात चार दिवस गेले. पॉलिश पेपरनं माझ्याच बोटांची सालं निघाली. वाढईमामा कुंपणापलीकडून पाहत होते.

"मास्तर, लाकडाले प्लास्टिकची पिशवी कायले घालता? तेल पाजा, तेल!"

तेल म्हणजे जवसाचं. मला जवस ठाऊक ते चटणीपुरतं, फार तर निळ्या फुलांच्या वावरापुरतं. घाण्याचं कच्चं तेल वाळता वाळत नाही आणि त्यावर बुरशीही धरते. म्हणून रंगाच्या दुकानातलं डबल बॉईल्ड आणलं. ते खायचं नव्हे, त्यात लवकर वाळायचं औषध असतं. दिवाळीच्या तोंडावर, कोरड्या दिवशी, पहिला हात टर्पेंटाईन घालून पातळ केला. फळ्यांनी बेतानं घेतलं, पण पायांची कापलेली टोकं! वाटी लावली की रिकामी. इतके दिवस ती तहानलेली टोकंच ओल्या मातीत उभी होती. आता खाली दगड आहेत. उरलेलं तेल पुसून घेतलं, नाहीतर ते चिकट राहतं.

पुसायची चिंधी मी बोळा करून ओसरीत टाकली, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी. मामांनी ती झडप घालून उचलली आणि तारेवर पसरली. हे तेल वाळताना तापतं. बोळ्यात कोंडलं तर चिंधी आपोआप पेटते.

तेल वार्निशपेक्षा टिकाऊ आहे, असं मी म्हणणार नाही. उन्हानं ते वर्षभरात उडतं, लाकूड करडं पडतं. पण खरवडणं नाही: धुवा, वाळवा, कागद फिरवा, नवा हात द्या. सकाळचं काम.

यंदाचा हात दिला त्या संध्याकाळी मामा आले आणि वाळलं का न विचारताच बसले. उठले तेव्हा धोतरावर बंडीच्या फळीएवढा पट्टा होता.