एका मुहूर्ताला एकच लग्न: आमची वाटचाल

2013 साली दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या आईने रुखवताचं काम माझ्या आणि जाऊबाईंच्या गळ्यात घातलं. सुपारीचे व्याही-विहीण, सप्तपदीची सात पावलं, लोकरीचं तोरण, थर्मोकोलचा राजवाडा, असं सगळं आम्ही रात्री जागून केलं. साडेतीन हजार रुपये मिळाले. पण व्यवसायाची कल्पना रुखवतातून आली नाही. ती आली कार्यालयात रुखवत मांडत असताना. मुलीला हळद लागत होती, बायका गाणी म्हणत होत्या आणि मुलीची आई गुरुजींसाठी काडेपेटी शोधत जिने चढत-उतरत होती. काडेपेटी मिळेपर्यंत हळद आटोपली होती. लेकीला हळद लागलेली त्या माउलीने पाहिलीच नाही.

घरी येताना जाऊबाई म्हणाल्या, "ही काडेपेटी आपण ठेवली असती तर?" आमचा व्यवसाय म्हणजे तेवढंच आहे, आजही.

सांगलीच्या गावभागात आमचं घर. सुरुवातीला पुढच्या खोलीत बसूनच काम चालायचं. रुखवत, मग आरतीची ताटं, मग गौरीहराची मांडणी, मग फुलं. 2015 पासून साखरपुड्यापासून सूनमुखापर्यंतचं सगळं पाहायला लागलो. स्वयंपाक मात्र कधी घेतला नाही. आचारी हा वेगळा माणूस, वेगळी जबाबदारी. आम्ही आचाऱ्याशी पंगतीची वेळ जुळवून घेतो, त्याच्या कढईत डोकावत नाही.

नोटाबंदीची आठवण सांगायलाच हवी. 8 नोव्हेंबर 2016 ला घोषणा झाली आणि तुळशीची लग्नं दोन-तीन दिवसांवर होती. त्या हंगामात आमच्याकडे सहा लग्नं होती. लग्नघराला बँकेतून अडीच लाखांपर्यंत रोख काढायची मुभा मिळाली, पण त्यासाठी पत्रिका आणि कोणाकोणाला पैसे द्यायचे त्यांची यादी लागत होती. फुलवाले, मांडववाले, वाजंत्रीवाले, सगळे रोखीतले. आम्ही प्रत्येक घराला बसून याद्या करून दिल्या. तोवर आमचा हिशोब पाठकोऱ्या कागदांवर असायचा. त्या महिन्यात पहिल्यांदा नीट वही घातली: कोणाचं येणं, कोणाचं देणं, कोणाला उचल दिली. वही घातली नसती तर पुढे कर्ज मिळालं नसतं आणि जीएसटीत गेल्यावर तर पुरती धांदल उडाली असती.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते.

मुहूर्ताचा धंदा हा दुकानासारखा नसतो. दुकानात गिऱ्हाईक रोज थोडं थोडं येतं. आमच्याकडे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत जवळजवळ शुकशुकाट आणि नंतर पंचांगातल्या एकाच तारखेवर पन्नास घरांचं लग्न. 2024 च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त आला, तेव्हा ऐन सुट्टीचा हंगाम गेला. त्यामुळे चांगली तारीख आली की दोन-तीन कामं घ्यायचा मोह होतो. सगळेच घेतात. 2017 च्या मे महिन्यात आम्हीही घेतली. एक सांगलीत, एक मिरजेत, एक तासगाव रस्त्याला. माणसं वाटून दिली, पेट्या वाटून दिल्या.

सांगलीच्या लग्नात मुहूर्त बाराच्या पुढचा होता. वर पाटावर उभा राहिला, मामा नवरीला घेऊन आले, गुरुजी म्हणाले, "वैनी, अंतरपाट द्या." पेटी उघडली तर अंतरपाट नाही. तो मिरजेच्या पेटीत गेला होता. मामांच्या खांद्यावरचं उपरणं धरून मंगलाष्टकं झाली. मुहूर्त टळला नाही. कोणी रागावलं नाही, निम्म्या मंडळींना कळलंही नाही. पण तो अंतरपाट मुलीच्या आजीने स्वतः शिवला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असताना लाल रेशमाने त्यावर स्वस्तिक काढलं होतं आणि आठ दिवस आधी विश्वासाने आमच्या हातात दिला होता. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून आजी त्या उपरण्याकडे बघत होत्या. मी तिकडे मान वर करू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट आणि आमची पूर्ण मजुरी घेऊन त्यांच्याकडे गेलो. पैसे घ्यायला घरचे तयार नव्हते. आम्ही देवापाशी ठेवून आलो. आजींनी अंतरपाट मांडीवर घेतला, घडी नीट केली आणि म्हणाल्या, "धाकटी अजून लहान आहे." त्या दिवसापासून एका मुहूर्ताला एकच लग्न. मग समोरचा कितीही देवो.

हा नियम केला तेव्हा उत्पन्न एकदम खाली आलं. मिस्टर दोन महिने काही बोलले नाहीत, पण रात्री वही उघडून बसायचे. एका लग्नात भागवायचं तर दोन गोष्टी हव्या होत्या. बिनमुहूर्ताच्या दिवसांत काम हवं आणि जे लग्न घेऊ ते घर बघून दहा घरांनी आपल्याला विचारायला हवं.

जाहिरातीवर आधी पैसे घालवून झाले होते. प्रदर्शनात स्टॉल घेतला, फ्लेक्स लावला, पत्रकं वाटली. स्टॉलवर तीन दिवस गर्दी झाली, सगळ्यांनी अत्तराच्या कुप्या नेल्या, फोन चार आले, काम एक. एका मंगल कार्यालयाने सांगितलं की दहा टक्के द्या, येईल ते लग्न तुमच्याकडे पाठवतो. ते दहा टक्के शेवटी मुलीच्या बापाच्या खिशातूनच जाणार होते. आम्ही नाही म्हटलं, तर त्यानंतर वर्षभर त्या कार्यालयात आमच्या गाडीला आत जागा मिळाली नाही. सामान रस्त्यावरून डोक्यावर न्यावं लागलं.

कामाला आलं ते केळवण. लग्नाआधी मावशी, आत्या, काकू एकेक दिवस नवरीला जेवायला बोलावतात. पूर्वी ताटाभोवती साधी रांगोळी असायची. आता सगळ्यांना फोटो हवा असतो. आम्ही पंधराशे रुपयांत केळवणाची मांडणी द्यायला लागलो: केळीचं पान, महिरप, समया, झेंडूच्या पाकळ्या, लाकडी फळीवर नवरीचं नाव. यात नफा जवळजवळ नाही. पण त्या पंगतीला पंधरा-वीस जणी असतात आणि त्यातल्या दोन-तिघींच्या घरी लग्नाची मुलं असतातच. संध्याकाळपर्यंत तो फोटो प्रत्येकीच्या स्टेटसला असतो. आज आमच्याकडे येणारी निम्म्याहून जास्त लग्नं केळवणातून येतात. केळवणाला मुहूर्त लागत नाही, त्यामुळे आठवड्यातला कुठलाही दिवस चालतो. पुढे डोहाळजेवण आणि बारसंही त्याच घरातून येतं.

इन्स्टाग्राम आम्ही चालवतो, पण त्यावर नवरा-नवरीचे फोटो विचारल्याशिवाय टाकत नाही. नुसत्या सजलेल्या रिकाम्या मांडवाच्या फोटोंना कोणी विचारत नाही, हेही खरं. सगळ्यात जास्त बघितला जातो तो व्हिडिओ म्हणजे जाऊबाई मुंडावळ्या ओवताना.

2018 मध्ये राज्यात थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा आमचं निम्मं रुखवत बाद झालं. मनापासून सांगते, बरं झालं. लग्न झालं की तो राजवाडा कार्यालयाच्या मागे पडायचा आणि तुकडे तुकडे होऊन नाल्यातून कृष्णेत जायचे. आम्ही बांबू, खण आणि जुन्या साड्यांवर आलो. खणाच्या तोरणांना पुण्याहून मागणी यायला लागली.

आणि त्याच कृष्णेने ऑगस्ट 2019 मध्ये सगळं नेलं. गोडाऊनच्या भिंतीवर मालकांनी 2005 च्या पुराची खूण करून ठेवली होती. आम्ही सगळं सामान त्या खुणेच्या वर, माळ्यावर चढवलं आणि निश्चिंत झालो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी खुणेच्या वर गेलं, माळ्याच्याही वर गेलं. दहा दिवसांनी दार उघडलं तेव्हा चौरंग फुगून त्यांचे सांधे उकलले होते. पडद्यांवर बोटभर गाळ. समया तेवढ्या तशाच होत्या, पितळेला काय होतंय. त्या आम्ही चिंच लावून अंगणात घासत बसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

नऊ घरांनी तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना उचल दिलेली होती. एकाही घराने परत मागितली नाही. उलट एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "राहिलेले पैसे आत्ता देऊ का? सामान घ्यायला होतील." मुद्रा योजनेतून तीन लाखांचं कर्ज काढलं, सांगलीतच विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर खोली घेतली आणि नऊच्या नऊ लग्नं केली.

कोरोनात आधी पन्नास माणसं, मग 2021 च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास. मोडलं तर पन्नास हजार दंड. त्या दोन तासांनी आम्हाला वेळापत्रक करायला शिकवलं. आजही लग्नाच्या एक महिना आधी आम्ही घरच्यांना एक तक्ता देतो: विधी, वेळ, लागणारं सामान आणि "कोण करणार". हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे. मांडवात ऐनवेळी कुजबूज होते की औक्षणाला कोण, ओटी कोण भरणार. नवरीची आई विधवा असेल तर ती आपणहून मागे सरकते. आम्ही तक्त्यात औक्षणासमोर "आई" असं आधीच लिहून देतो. बदलायचं असेल तर घरच्यांनी बदलावं. 2022 च्या मे महिन्यात शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून हे बोलणं सोपं झालंय. आतापर्यंत फक्त दोन घरांनी ते नाव खोडलं.

लॉकडाऊनमध्येच हळदीच्या संचाचं काम सुरू झालं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ती पेठेतून घेऊन, हळकुंडं, मुंडावळ्या, सुपाऱ्या, अक्षता, अंतरपाट असा संच बांधतो. पहिला संच अमेरिकेत गेला. तिथल्या जोडप्याचं लग्न घरामागच्या अंगणात झालं आणि मंगलाष्टकं फोनवरून इथल्या गुरुजींनी म्हटली. चातुर्मासात आमच्या सात बायकांचा रोज या संचांवर निघतो. दिवसाचे साडेसहाशे आणि उशीर झाला तर रिक्षा आमची.

पैशांचं एक सांगते, कारण नव्याने येणाऱ्या मुली विचारतात. पाव रक्कम तारीख धरताना, निम्मी आठ दिवस आधी, उरलेली हळदीच्या सकाळी. लग्न लागल्यावर काहीही मागायचं नाही. झाल (मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवायचा विधी) झाली, मुलगी निघाली, अशा वेळी बाप गाडीच्या काचेला हात लावून उभा असतो. तिथे बिल घेऊन उभं राहायचं नाही. लग्न नोंदणीचा नमुना ड मात्र त्याच दिवशी भरून घेतो. तीन साक्षीदार आणि गुरुजी एका जागी पुन्हा सापडत नाहीत.

यंदा तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या मुहूर्ताला तीन घरांनी विचारलं होतं. दोघांना आम्ही मिरजेतल्या एका ताईंचा नंबर दिला. त्या आमच्याकडेच शिकल्या आणि आता स्वतःची कामं घेतात. तिसरं घर म्हणजे 2017 मधलं, त्यातली धाकटी. काल तिची आई येऊन बसली. आजी आता चालत नाहीत. आईने पिशवीतून घडी काढून जाऊबाईंच्या हातात दिली. जाऊबाईंनी ती पेटीत ठेवली नाही, स्वतःच्या कपाटात ठेवली आणि वहीत लिहिलं: अंतरपाट एक, पांढरा, लाल रेशमाचं स्वस्तिक, आजींच्या हातचा. मिळाला.