आमची वाटचाल : आधी घरातले कागद

वेंगुर्ला तालुक्यात आमची छोटी भागीदारी फर्म आहे. कोकमाचं आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी आणि काजूगर ही आमची उत्पादनं. २०१८ पर्यंत हे सगळं घरच्या मांगरात, म्हणजे घराशेजारच्या शेतघरात, चालायचं. मे महिन्यात आलेले चाकरमानी मुंबईला जाताना पिशव्या भरून न्यायचे, तेवढंच गिऱ्हाईक. मग किनाऱ्यावरची दुकानं आणि हॉटेलं माल मागू लागली, आणि माल मागताना बिल आणि लेबलही मागू लागली.

आता आजूबाजूच्या गावांतल्या बायका आमच्याकडे विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, लायसन कुठलं काढायचं?’ मी त्यांना सांगते, लायसन सोपं आहे, मोबाइलवरून अर्ज होतो. त्याआधी जागा कोणाची आणि धंदा कोणाचा, हे कागदावर आणा. आपल्याकडे धंदा सरकारी खिडकीपेक्षा सातबारावर जास्त अडतो.

आमचा मांगर ज्या जमिनीत आहे, तिच्या सातबारावर तेव्हा आजेसासरे आणि त्यांच्या भावांची नावं होती. त्यातलं कोणीच हयात नव्हतं. वारस काही गावात, बरेचसे मुंबईत. विजेचा मीटर चुलत सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टी तिसऱ्याच्याच. घरात वाद म्हणून कसलाच नव्हता. पण परवान्याच्या अर्जाला जागेचा पुरावा लागतो आणि कर्ज देताना बँक त्या जागेवरचा हक्क बघते. ‘आमच्यात भांडण नाही’ हे कुठल्याही अर्जात लिहायला रकाना नसतो.

म्हणून पहिलं काम वारसनोंदीचं. मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं, तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार. हे रेंगाळणारं काम आहे, म्हणून ते सगळ्यात आधी सुरू करावं. नावं लागल्यावर आम्ही गणपतीची वाट पाहिली, कारण सगळे सहहिस्सेदार एका छपराखाली येतात ते तेव्हाच. दुपारच्या आरतीनंतर मसुदा मोठ्याने वाचला : मांगर आणि पुढचं खळं फर्म वापरणार, किती वर्षं, वर्षाला भाडं किती, मुदत संपल्यावर बांधकामाचं काय. एक काका म्हणाले, “घरच्या घरात कागद कित्याक?” सासूबाईंनीच उत्तर दिलं, “भावोजी, आज तुमी आसास म्हणान. उद्या तुमच्या नातवांका ह्यो मांगर कोणाचो ता कोण सांगतला?” काकांनी सही सगळ्यांच्या आधी केली.

भाडेपट्टा आम्ही लांब मुदतीचा केला आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचं आहे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च टाळायला बरेच जण अकरा महिन्यांचा करार करतात, पण सुकवणी यंत्रासाठी पाच-सात वर्षांचं कर्ज हवं असेल तर त्या कराराचा आधार पुरत नाही. जमीन शेतीची असेल तर बिनशेती वापराचं आधी तहसील कार्यालयात विचारून घ्यावं. समुद्राकडेला असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध, विसरू नका. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात मोडतो, आणि खाडीकाठालाही हे निर्बंध आहेतच.

आता धंदा कोणाचा, ते. आम्ही तिघं होतो : मी, माझ्या जाऊबाई आणि मुंबईहून निवृत्त होऊन आलेले चुलत दीर. भांडवलाचा मोठा वाटा त्यांचा, हात आम्हा दोघींचे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात लेखी करार सक्तीचा नाही, पण करारात वेगळं ठरलं नसेल तर कायदा नफा सारखा वाटायला सांगतो. आमचं भांडवल सारखं नव्हतं आणि मेहनतही, म्हणून नफ्याचं प्रमाण, आम्हा दोघींचा मेहनताना, बँकेत कोणाच्या सह्या लागणार, हे सगळं लिहिलं. फर्म निबंधकाकडे नोंदवलीही. तीही सक्ती नाही. मात्र नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करायला दिवाणी दावा लावता येत नाही, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकासमोर हात बांधलेले.

आमच्या वकिलांनी एक कलम आग्रहाने घातलं होतं : भागीदाराचा मृत्यू झाला तरी उरलेल्यांची फर्म चालू राहील, त्या तारखेपर्यंतचा हिशेब करून त्याचा वाटा वारसांना हप्त्यांनी दिला जाईल. करार वेगळं सांगत नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. सही करताना ते वाचायलाही अवघड वाटलं होतं. २०२१ मध्ये हे चुलत दीर, आमचे भाऊजी, गेले. रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम तोंडावर होता, कर्जाचे हप्ते चालू होते. त्यांचा मुलगा मुंबईहून आला, त्याने करार वाचला, वह्या पाहिल्या आणि हप्ते कसे घ्यायचे ते एका बैठकीत ठरलं. त्याचे पैसे पूर्ण फिटले आहेत आणि आजही तो आमचा माल दादरला पोचवतो. ते कलम नसतं तर त्या दुःखात आम्हाला फर्म मोडून माल आणि यंत्रं विकावी लागली असती. दोनच भागीदार असतील तर मात्र असं कलमही पुरत नाही, कारण एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. म्हणून आता माझी लेक तिसरी भागीदार आहे.

बाकीच्या नोंदी या मानाने झटपट झाल्या. अन्न परवान्यात तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला साधी नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये. त्यावर गेलं की राज्याचा परवाना. चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे दुकाने अधिनियमात आम्हाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागली. २०१७ च्या कायद्याने ही सवलत दिली, तरी सगळे त्याला अजून गुमास्ताच म्हणतात. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून सुरू झाली. ती पूर्णपणे मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, आमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, घटक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एवढं तरी हवंच. इथे आंबापोळीकडे नीट लक्ष द्यावं लागतं. ती ओलसर असताना भरली तर पाकिटात सुकत जाते आणि छापलेल्या वजनापेक्षा हलकी होते. वजनमापे खात्याच्या तपासणीत ते कमी वजनच धरलं जाणार. आम्ही पोळी पूर्ण वाळल्याशिवाय तोलत नाही, आणि काट्यावर दरवर्षी मुद्रांकन करून घेतो.

जीएसटीत आमच्या तालुक्याची खास अडचण आहे, ती म्हणजे गोवा. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होते. आपल्याला म्हापशाचा बाजार पुण्यापेक्षा कितीतरी जवळचा, बाजारहाट तिकडेच, पण कायद्याच्या नजरेत ते परराज्य. ताजे आंबे करमुक्त असतात, त्यांना हे लागत नाही. त्यांचीच आंबापोळी केली की लागतं. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना आहे, तीही परराज्यात माल पाठवणाऱ्याला मिळत नाही. म्हणून आम्ही म्हापशाची पहिली ऑर्डर घेण्याआधी नियमित नोंदणी केली.

उद्यम नोंदणीचा खरा उपयोग पैसे अडकल्यावर कळला. शहरातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे काजूगरांचे पैसे महिनोन्‌महिने राहिले होते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आमच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापलेली होती. कलमांचा उल्लेख करून रीतसर पत्र पाठवलं, पुढची पायरी म्हणजे अशा थकीत पैशांच्या तक्रारीचं सरकारी समाधान पोर्टल, हेही लिहिलं. मुद्दल आलं. व्याज आम्ही सोडलं, कारण त्यांच्याकडून पुढेही ऑर्डर हव्या होत्या. तो निर्णय आमचा होता आणि मला तो आजही पटतो. आता तर आयकरातही अशी थकीत रक्कम मुदतीत दिली नाही तर ती प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मोठे खरेदीदार स्वतःहून उद्यम क्रमांक मागतात.

सध्या दोन कामं हातात आहेत. वेंगुर्ला काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम या दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वेंगुर्ल्यात राहतो म्हणून ते चिन्ह आपोआप छापता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. काजूसाठी आमचा अर्ज तयार होतो आहे. दुसरं काम मोठं आहे. भागीदारीत फर्मचं कर्ज प्रत्येक भागीदाराच्या घरादारापर्यंत येऊ शकतं, आणि कर्ज आता वाढणार आहे. म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करायचा विचार चालू आहे. हिशेब तपासनीसांनी वर्षाचा जादा खर्च आणि भरायची विवरणपत्रं लिहून दिली आहेत. जाऊबाईंचं मत अजून साध्या भागीदारीकडेच आहे, आणि नव्या करारात तिघींच्या सह्या लागतात.