दीड फरशीचे अंतर

परळमधील ज्या महापालिका शाळेच्या तळमजल्यावरील सभागृहात मी 1994 साली तायक्वांदो शिकू लागले, तेथे मॅट नव्हती. होती ती शहाबादी फरशी, साधारण दोन फुटांची चौकोनी, पावसाळ्यात ओल धरणारी आणि डिसेंबरच्या पहाटे तळपायांना झिणझिण्या आणणारी. आमच्या सरांना मोजपट्टी लागत नसे. "आप सोगी म्हणजे एक फरशी, आप कुबी म्हणजे दीड फरशी," एवढेच ते उभे राहण्याच्या या दोन पवित्र्यांबद्दल सांगत आणि पुढच्या पायाचा अंगठा रेघेच्या अलीकडे राहिला की हातातली छडी पायावर न मारता शेजारच्या फरशीवर टक्‌कन आपटत. तो आवाज अंगावर बसलेल्या छडीपेक्षा जास्त झोंबत असे. तेव्हापासून मला दोन माणसांमधले अंतर फरश्यांत मोजायची सवय लागली आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते सारे त्या सवयीतूनच आलेले आहे.

पारंपरिक सराव खरा, की स्पर्धेतला खेळ खरा, की रस्त्यावर उपयोगी पडते तेच खरे, हा वाद तायक्वांदो शिकणाऱ्यांच्या प्रत्येक पिढीत नव्याने पेटतो. माझ्या पिढीत तो वडापावच्या गाडीपाशी होत असे, आता माझ्या चौदा वर्षांच्या लेकीच्या पिढीत तो स्पर्धेहून परतताना गाडीत होतो. या वादात मनोवृत्ती, शिस्त, शुद्धता असे मोठमोठे शब्द येतात, पण समोरचा माणूस आपल्यापासून किती अंतरावर उभा आहे, हा साधा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते तिन्ही प्रकारांतले बहुतेक सारे फरक त्या एका अंतरातून निघतात.

पूमसेमध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या हालचालींच्या ठरलेल्या क्रमात, समोर कोणीच नसते. तेगुक मालिकेतला पहिला पूमसे, इल जांग, सुरू होतो तो डावीकडे वळून आरे माक्की, म्हणजे खालच्या बाजूचा बचाव, आणि मग एक पाऊल पुढे टाकून ठोसा असा. या अठरा हालचालींत अंतर आपले आपणच ठरवायचे असते, आणि म्हणून ते नेहमी अचूक असते. दर हालचालीला एक हात पुढे जातो तेव्हा दुसऱ्या हाताची मूठ तळवा वर करून कमरेला यायची. ती का यायची, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि विचारण्याची पद्धतही नव्हती. ही कला दोन हजार वर्षांची आहे असे मात्र सर अभिमानाने सांगत, आणि आम्ही ते वहीत लिहूनही घेतले होते.

पुढे वाचायला लागल्यावर कळले की 'तायक्वांदो' हे नावच 1955 मधले आहे. कोरियावर 1910 ते 1945 या काळात जपानची सत्ता होती, त्या काळात जपानमध्ये शिकायला गेलेले अनेक कोरियन तरुण शोतोकान कराटे शिकून परतले, आणि ज्या आखाड्यांतून, म्हणजे 'क्वान'मधून, आजचे तायक्वांदो घडले त्यांपैकी कित्येक अशाच लोकांनी काढलेले होते. सोलमधले कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचे मुख्यालय, 1972 साली उभे राहिले, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तेथेच 1973 साली झाली, आणि ज्यांना आम्ही प्राचीन समजून नमस्कार करत होतो ते तेगुक पूमसेदेखील त्याच सुमाराला रचले गेले. आमच्या सभागृहाच्या खिडकीतून दिसणारी गिरणीची चिमणी त्याहून कितीतरी जुनी होती. हे कळल्यावर मला थोडे फसवले गेल्यासारखे वाटले, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. परंपरेतून खेळ जन्मला आणि मग तो बिघडला, ही जी कथा सांगितली जाते ती वर्षांच्या हिशेबात बसत नाही. त्या दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी आहेत.

खेळाविषयी मात्र मला सविस्तर लिहायला हवे, कारण जुन्या वळणाचे लोक त्याच्यावर अन्याय करतात असे मला वाटते. क्योरुगीचे, म्हणजे स्पर्धेतल्या समोरासमोरच्या लढतीचे, मैदान आठ मीटरचे, अष्टकोनी असते. माझ्या हिशेबाने ते साधारण तेरा फरश्यांचे. त्यात दोघी खेळाडू एकमेकींपासून दोन-अडीच फरश्यांवर उभ्या राहतात, कारण पाय पूर्ण लांबला की जेथे पोहोचतो त्याच्या किंचित बाहेर राहायचे आणि समोरची चुकली की त्या रेषेच्या आत शिरून पुन्हा बाहेर यायचे, हेच त्या खेळाचे सारे मर्म आहे. अंगावरच्या चेस्टगार्डमध्ये सेन्सर असतात, पायातल्या मोज्यांमध्येही असतात. लंडनच्या 2012 च्या ऑलिम्पिकपासून गुण असे यंत्राने नोंदवले जाऊ लागले आणि 2016 साली रिओमध्ये हेडगार्डही त्यात आले. ठोशाला एक गुण, धडावरच्या किकला दोन, डोक्यावरच्या किकला तीन, आणि तीच किक गिरकी घेऊन मारली तर धडावर चार आणि डोक्यावर पाच. यंत्राला वेदना कळत नाही, दाब आणि स्पर्श कळतो, त्यामुळे पुढचा पाय हवेत तरंगत ठेवून तलवारीसारखा टोचत राहायची एक रीत रुळली. पाहायला ती कंटाळवाणी आहे हे मला मान्य आहे. गिरकीच्या किकचे गुण पुढे वाढवले गेले ते अशा रटाळ खेळाला उतारा म्हणूनच.

तरीही 1997 साली पहिल्या जिल्हास्तरीय लढतीत माझ्या बरगड्यांवर जी दोल्यो चागी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारलेली किक, बसली तिने मला जे शिकवले ते तीन वर्षांच्या पूमसेने शिकवले नव्हते. श्वास आत जाईना, बाहेर येईना. पंच माझ्या डोळ्यांसमोर एकेक बोट उघडत "हाना, दुल, सेत" असे मोजू लागले, आणि शब्द ऐकू येत असूनही आपल्याशी त्यांचा काही संबंध आहे हे मला उमजेना. आठला लढत संपते. मी 'इल्गोप'ला, म्हणजे सातला, मुठी वर घेऊन उभी राहिले आणि उरलेल्या फेरीत हरले. मार बसला म्हणजे सारे संपले असे नसते, हे कळण्यासाठी मार देण्याची खरोखर इच्छा असलेला कोणीतरी समोर असावा लागतो. पूमसेत तो नसतो, आणि स्वसंरक्षणाच्या वर्गात जोडीदार म्हणून उभी असलेली मैत्रीणही हात जरा सैलच धरते.

आता त्याच खेळाची दुसरी बाजू. कमरेखाली किक मारली, समोरच्याला पकडले, चेहऱ्यावर ठोसा मारला, गुडघा वापरला की पंच गाम-जोम, म्हणजे दंड, देतात आणि समोरच्याला एक गुण मिळतो. ही यादी लेकीच्या वहीत पाहिली तेव्हा मला हसू आले, कारण मनाई केलेल्या या गोष्टी एकाखाली एक लिहिल्या की अडचणीच्या जागी सुटका करून घेण्याचा निम्मा अभ्यासक्रम आपोआप तयार होतो. शिवाय चेहऱ्यावर ठोसा येणारच नाही याची खात्री असल्याने खेळाडू हात खाली सोडून उभे राहतात. माझी लेकही तशीच उभी राहते, आणि तिला सांगून उपयोग नसतो, कारण मैदानात तिचेच बरोबर असते.

मुंबईत सर्वांत अवघड अंतर कोणते, हे लोकलने जाणाऱ्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, आणि रेल्वेच्या भाषेत त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असे नावही आहे. माझ्या फरशीच्या हिशेबाने एका फरशीवर पाच-सहा माणसे झाली. तेथे डोक्याच्या उंचीची किक तर सोडाच, खाली पडलेला रुमालही उचलता येत नाही.

2008 सालच्या एका शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी दादरला पुलाच्या जिन्यावरून मध्य रेल्वेच्या फलाटाकडे उतरत होते. नुकतीच गाडी रिकामी झाली होती आणि जिना खालून वर व वरून खाली असा दोन्हीकडून भरला होता. मागून कोणीतरी माझे डावे मनगट धरले आणि मला भिंतीकडे ओढायला सुरुवात केली. त्या वेळी मला ब्लॅक बेल्ट मिळून आठ वर्षे झाली होती, आणि माझ्या पायांचा मला फार अभिमान होता. त्या पायांनी काहीही केले नाही. ते पायरीवर जेथे होते तेथेच राहिले. जे झाले ते एवढेच की डावी मूठ आवळली गेली, कंबर वळली आणि मूठ बरगडीला घासून कमरेपाशी आली, अगदी इल जांगमध्ये येते तशी. पकड अंगठ्याच्या बाजूने सुटली. त्यापाठोपाठ माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो "वाचवा" नव्हता, "अहो" नव्हता, तो शुद्ध किहाप, म्हणजे सरावात काढायची आरोळी, होता, सभागृहात पहाटे सहाला काढायचो तसा पोटातून आलेला. जिन्यावरची माणसे दचकून बाजूला झाली आणि इतक्या गर्दीतही माझ्याभोवती दीड फरशीची जागा मोकळी झाली. आता किक मारता आली असती, पण जिला मारायची ती पाठ केव्हाच गर्दीत मिसळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी परळला जाऊन सरांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मूठ कमरेला आली तेव्हा तळवा वर होता का गं?" मला आठवेना. सर नाराज झाले.

हा प्रसंग मी पारंपरिक सरावाच्या बाजूने पुरावा म्हणून पुष्कळ वर्षे सांगत असे. मग एकदा माझ्या वहिनीने, जिने आयुष्यात कधी डोबॉक, म्हणजे तायक्वांदोचा गणवेश, घातलेला नाही, विचारले की मनगट धरल्यावर हात हिसकावून ओरडायला तायक्वांदो कशाला लागते. मला तिचे म्हणणे आजही पूर्ण खोडता आलेले नाही. एवढेच म्हणता येईल की पुष्कळ जणींना त्या क्षणी आवाज फुटत नाही, आणि माझा फुटला, कारण आठवड्यातून तीन दिवस अनोळखी लोकांसमोर मोठ्याने ओरडायची लाज माझ्या बाबतीत लहानपणीच मोडून काढलेली होती. किहापचा हा उपयोग कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला मी पाहिलेला नाही.

माहितीपत्रकांत काय लिहितात ते मात्र मला चांगले ठाऊक आहे. आठ मार्च जवळ आला की कार्यालयांतून दोन तासांच्या स्वसंरक्षण कार्यशाळांचे पेव फुटते. लोअर परळच्या एका कंपनीत मी स्वतः एकीला बसले होते. प्रशिक्षक तरुण, चपळ आणि बोलका होता. त्याने रबरी चाकू घेऊन हल्ला करायला लावला, हल्लेखोराचे मनगट धरून फिरवले, चाकू खाली पाडला, आणि चाळीस जणींनी टाळ्या वाजवल्या. हल्लेखोर झालेली हिशेब विभागातली मुलगी चाकू एकदाच पुढे करून पुतळ्यासारखी थांबत होती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. चाकू धरलेला माणूस हात मागे घेतो आणि पुन्हा मारतो. चहाच्या वेळी मी हे बोलले तेव्हा "मॅडम, आत्मविश्वास वाढवणे महत्त्वाचे," असे उत्तर मिळाले. खोटा आत्मविश्वास पळण्याच्या वेळी पाय धरून ठेवतो, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे. त्या दोन तासांत 103 हा मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा मदत क्रमांक एकदाही उच्चारला गेला नाही.

कायद्याचेही तेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे, पण बचावासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. लढतीत समोरची डगमगली की गुण वाढवायचे असतात, तर रस्त्यावर धोका टळला की आपले काम संपते. हा फरक शिकवण्यासाठी वेगळा सराव करावा लागतो, आणि नुसता विनय व आत्मसंयम हे शब्द रोज म्हणून घेतल्याने तो अंगी येतो असा माझा अनुभव नाही.

म्हणून गेली सहा वर्षे मी आमच्या सोसायटीच्या सभागृहात रविवारी सकाळी ज्या पंधरा-वीस मुली येतात त्यांना पूमसेही शिकवते, त्यांच्याकडून क्योरुगीच्या फेऱ्याही खेळवून घेते, आणि या दोहोंना स्वसंरक्षण म्हणत नाही. पालकांना याचे वाईट वाटते. काहींना दहावीच्या क्रीडा गुणांसाठी प्रमाणपत्र हवे असते, काहींना मुलगी 'सुरक्षित' करून हवी असते, आणि दोन्ही एकाच शुल्कात मिळत नाही हे ऐकून दोन-तीन जण दरवर्षी वर्ग बदलतात.

स्वसंरक्षणासाठी शेवटचा अर्धा तास असतो. आमच्या सभागृहात आता गुळगुळीत मोठ्या टाइल्स आहेत, म्हणून मी चिकटपट्टीने दोन फुटांचा चौकोन आखते आणि त्यात पाच मुली उभ्या करते, खांद्यावर दप्तरे, गळ्यात ओढण्या, सारे जसेच्या तसे ठेवून. मधल्या मुलीचे मनगट कोणीतरी धरायचे, आणि कोणी धरले आहे ते तिला आधी सांगायचे नाही. पहिल्या वेळी सगळ्या खिदळतात, कोणाचा तरी गुडघा कोणाच्या तरी दप्तरात अडकतो, आणि गेल्या रविवारी तर माझ्या लेकीनेच, जिल्ह्याचे रौप्यपदक घरी ठेवून आलेल्या, पाय उचलायचा प्रयत्न केला आणि पाचही जणी चिकटपट्टीवर आडव्या झाल्या. उठताना ती चिडून म्हणाली, "आई, इथे जागाच नाहीये." मी तिला पुन्हा चौकोनाच्या मध्यभागी उभे केले.