नळ आवळू नका हो

मे महिन्यात मालवणात प्लंबरला फोन केला की तो "येतंय" म्हणतो आणि येत नाही. त्याला तरी काय बोलणार? तारकर्ली-देवबागकडे पर्यटकांच्या खोल्यांमध्ये गिझर, शॉवर, टाक्या यांचीच कामं एवढी असतात, की मालवणच्याच मेढा भागातल्या आमच्या न्हाणीघरातला एक गळका नळ त्याच्या खिजगणतीतही नसतो.

इकडे सासूबाईंचा धोशा सुरू. "गो, रातभर टपटप आयकान माका झोप नाय. वायच घट्ट आवळ तो!"

आमच्या घरात गळक्या नळावर हा एकच इलाज. आधी सासरे आवळायचे, मग आमचे हे, आता चिरंजीव व्यायामशाळेत कमावलेले दंड तिथेच दाखवतात. आणि नळ गळतो तो पुष्कळदा या आवळण्यानेच. आत रबराची छोटी चकती असते, दुकानात वायसर म्हणून मागायची. ती पितळेच्या कडेवर दाबली गेली की पाणी थांबतं. दर वेळी जीव खाऊन आवळलं की रबरात खाच पडते, खाच पडली की थेंब गळतो, थेंब दिसला की आणखी आवळायचं. शेवटी पितळेची कडच झिजते, आणि मग वायसर बदलूनही भागत नाही.

सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर हा हिशेब लावला तरी चार लिटरच्या वर पाणी गेलं, आणि नळाचा थेंब त्याहून चांगला टपोरा असतो. समोर सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी समुद्र असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महाराजांच्या माणसांना जमलं ते आमच्या नशिबात नाही. आमच्या विहिरीचं पाणी मे उजाडला की मचूळ लागतं आणि पंप खालची वाळू ओढायला लागतो. असलं पाणीही वर चढवायला वीज लागतेच.

म्हणून भरडावरच्या दुकानात जाऊन अर्धा इंची वायसर आणले. किंमत एवढी किरकोळ की दुकानदार वर "नवीन नळच घेवा मां" म्हणाला. नाही घेतला.

टाकीखालचा कॉक बंद केला, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दिलं. मुठीवरची टोपी नखाने निघाली, पण तिच्याखालचा स्क्रू खाऱ्या हवेने धरलेला. त्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं आणि भात शिजेपर्यंत तिकडे फिरकले नाही. मग तो मुकाट सुटला. वरच्या षटकोनी भागाला फडकं गुंडाळून पान्हा लावला, म्हणजे चकाकी ओरखडत नाही. इथे एक गोष्ट सांभाळायची. नळाचं अंग दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायचं. आताच्या घरांत भिंतीतले पाइप प्लास्टिकचे असतात, सगळा नळ फिरला तर आतला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, तडकतो, आणि मग टाइल्स फोडण्यावाचून गत्यंतर नाही.

स्पिंडल, म्हणजे मुठीने फिरणारा आतला दांडा, बाहेर आला. त्याच्या टोकाचं वायसर दगडासारखं कडक झालेलं, मधोमध गोल खाच. नळाच्या पोटात बोट घालून पितळेची कड चाचपली. टवका नव्हता, नुसता हिरवट थर. आमटीतून काढलेलं आमसूल पाण्याने धुऊन, चिंधीत धरून तिथे फिरवलं, तांब्याची भांडी घासतो तसंच. बाहेरच्या चकाकीला मात्र ते लावू नका. मग कॉक क्षणभर उघडून पाणी उसळू दिलं. चिमूटभर वाळू बाहेर आली. ती आत राहिली असती तर नवं वायसर पहिल्याच दिवशी कापलं असतं.

नवं वायसर बसवून स्पिंडल उघड्या स्थितीतच परत आत फिरवला. टेफ्लॉन टेप, म्हणजे आट्यांवर गुंडाळायची पांढरी पातळ पट्टी, लावला नाही. तो नळ भिंतीत बसतो तिथल्या आट्यांसाठी.

हल्ली सगळे पाव-अर्ध्या चक्रात उघडणारे नळ घेतात, दिसायला देखणे. त्यांच्यात वायसर नसतं, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. नितळ पाण्याला उत्तम. पण आमच्यासारखं वाळूचं पाणी असेल तर त्या चकत्यांना चरे पडतात आणि मग त्या चकत्यांसकट आतलं अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. तेही जुनं सोबत नेऊन, कारण दाते आणि उंची जुळली नाही तर मूठ बसत नाही. आमच्या न्हाणीघरात जुना पितळी, गरागरा फिरवायचा नळच राहणार.

शेजारच्या काकींनी लगेच त्यांचाही नळ दाखवायला नेलं. त्यांचं दुखणं वेगळं. नळ बंद असताना कोरडा, उघडला की मुठीच्या बुडातून पाणी. तिथे वायसरचा संबंध नाही, दांड्याभोवतीचं पॅकिंग, म्हणजे पाणी वर येऊ न देणारं भरण, गेलेलं असतं. त्यावरचा छोटा नट अगदी पाव फेरा फिरवून बघायचा. तेवढ्याने थांबलं नाही तर पाणी बंद करून नट काढायचा, टेफ्लॉन टेप पिळून दोरी करायची, ती दांड्याभोवती गुंडाळायची आणि नट परत बसवायचा. काकींचं पाव फेऱ्यात भागलं. आता त्यांच्या मागच्या दारचा नळ भिंतीतूनच पाझरतोय, त्याला मात्र प्लंबरच हवा.