तुम्ही विचारलंत म्हणून: चायनाच्या रायफली अमेरिकेत परत येतील का?

इथे ओहायोत रेंजवर भेटणारी आपली मंडळी, त्यातही २०२० नंतर पहिल्यांदा बंदूक घेतलेली, मला हमखास एकच प्रश्न विचारतात. दादा, चायनीज एसकेएस (जुनी लष्करी सेमी-ऑटो रायफल, म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते) पूर्वी म्हणे शंभर डॉलरच्या आत मिळायच्या, आता पाचशे-सहाशेच्या खाली काही दिसत नाही, मग इम्पोर्ट परत सुरू होईल का, थांबू की घेऊन टाकू? माझं उत्तर दरवेळी तेच असतं, थांबू नका, त्या येणार नाहीत. पण नुसतं नाही म्हटलं की पटत नाही कुणाला, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

बहुतेकांचा घोळ १९९४ या वर्षापाशी होतो, कारण त्या एका वर्षात दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. एक म्हणजे सप्टेंबरचा असॉल्ट वेपन्स बॅन, लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटो बंदुकांवरची बंदी, जो काँग्रेसने पास केला, दहा वर्षांची मुदत होती आणि २००४ मध्ये संपला. लोकांना तेवढंच आठवतं, मग म्हणतात बॅन तर गेला, आता माल का येत नाही. माल येत नाही तो दुसऱ्या गोष्टीमुळे. त्याच वर्षी २६ मे ला क्लिंटनने चीनचा व्यापारातला एमएफएन दर्जा (मोस्ट फेवर्ड नेशन, म्हणजे कमी आयात कराची सवलत) पुढे चालू ठेवला आणि मानवी हक्कांची अट त्यातून काढून टाकली. टीका होणार हे माहीत होतं, तर चीनला काहीतरी चिमटा काढल्याचं दिसावं म्हणून चिनी बंदुका आणि गोळ्यांची आयात बंद केली. म्हणजे हा बंदुकांचा कायदा नव्हताच, परराष्ट्र धोरण होतं, आर्म्स एक्सपोर्ट कंट्रोल ॲक्टखाली केलेलं, आणि त्याला मुदत वगैरे काही नाही. काही इम्पोर्टर कोर्टात गेले, आमच्याकडे परमिट आधीच होती म्हणून, पण १९९६ मध्ये बी-वेस्ट इम्पोर्ट्सच्या केसमध्ये फेडरल सर्किट कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तो रस्ता तिथेच संपला.

आता तुम्ही म्हणाल, राष्ट्राध्यक्षाने केलं ते दुसरा राष्ट्राध्यक्ष एका सहीत काढू शकतो की. कागदावर बरोबर आहे. पण क्लिंटननंतर बुश आला, ओबामा आला, ट्रम्पची पहिली चार वर्षं झाली, कुणी हात लावला नाही, आणि का लावेल? डेमोक्रॅट्सना बंदुका नकोत आणि रिपब्लिकनांना चीन नको, मग ही सही करून खूश कोण होणार? त्यात १९९६ मध्ये ओकलंडचं प्रकरण झालं, नोरिंको आणि पॉली टेक्नॉलॉजीज या चिनी सरकारी कंपन्यांशी संबंधित लोकांवर २००० पूर्ण ऑटोमॅटिक एके-४७ धाटणीच्या रायफली चोरून आणल्याचे आरोप लागले, समोर ग्राहक म्हणून अंडरकव्हर एजंट बसले होते. पुढे २००३ मध्ये नोरिंकोवर इराणच्या मिसाइल प्रोग्रामला मदत केल्याबद्दल निर्बंध आले. एवढं सगळं फाइलमध्ये असताना कोण नेता म्हणेल की चला, चिनी रायफली आणू या.

आणि समजा ती सही झालीच, तरी त्याच्या खाली जुनं कुलूप आहेच. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये अट आहे की बाहेरून येणारी बंदूक खेळासाठी, शिकारीसाठी योग्य असली पाहिजे. ती अट खऱ्या अर्थाने वापरली गेली १९८९ मध्ये, स्टॉकटननंतर. याबद्दल मला जरा थांबून बोलायचंय, कारण रेंजवर हा विषय कुणी काढत नाही. त्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये एका माणसाने प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळ्या झाडल्या, हातात चिनी टाइप ५६ ची, म्हणजे एके-४७ च्या चिनी कॉपीची, सेमी-ऑटो आवृत्ती होती. पाच मुलं गेली, तीसेक जण जखमी झाले. गेलेली सगळी मुलं कंबोडिया आणि व्हिएतनाममधून युद्धातून सुटून आलेल्या घरांतली. आपणही इथे बाहेरून आलेलोच आहोत, आपलीही पोरं अशाच शाळांत जातात, त्यामुळे 'सरकारने उगाच बंदी घातली' असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही, मी सरळ सांगतो काय झालं होतं ते. (टाइप ५६ म्हणजे तीच, जी १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या केसमध्ये आपण पेपरात एके-५६ म्हणून रोज वाचायचो.) त्यानंतर थोरल्या बुशच्या सरकारने ४३ मॉडेलची आयात थांबवली. चिन्यांनी मग संगीन लावायची जागा काढली, दस्त्याला अंगठ्यासाठी भोक पाडलं आणि तीच रायफल मॅक-९० नावाने १९९४ पर्यंत विकली. १९९८ मध्ये मोठी मिलिटरी मॅगझिन लागणाऱ्या रायफलींसाठी तीही पळवाट बुजवली.

तेव्हा एवढ्या स्वस्त का होत्या तेही समजून घ्या, कारण तो भाव परत येईल ही आशाच मुळात चुकीची आहे. ऐंशीच्या दशकात डेंग शियाओपिंगने सैन्य दहा लाखांनी कमी करायचं ठरवलं, कारखाने तर उभे होते, त्यांना डॉलर हवे होते, आणि पॉली टेक तर थेट पीएलएशी, म्हणजे चिनी सैन्याशी, जोडलेली कंपनी. त्या परिस्थितीतून आलेला तो माल होता, बाजारभाव नव्हता तो. शिवाय तेव्हा एआर-१५, ही अमेरिकन सेमी-ऑटो रायफल, एसकेएसच्या कितीतरी पट महाग पडायची, आज अमेरिकेत बनलेली साधी एआर पाचशेच्या आसपास मिळते, आणि इथल्या कंपन्यांना चिनी स्पर्धा परत आलेली चालेल असं मला तरी वाटत नाही. वर टॅरिफ आहेच.

दोन बारीक फटी मात्र खऱ्या आहेत. शॉटगन १९९४ च्या त्या आयातबंदीत नव्हत्या, म्हणून रेमिंग्टन ८७० या अमेरिकन शॉटगनच्या चिनी कॉप्या नंतरही दुकानांत येत राहिल्या. आणि दुसरी फट जुन्या मालाची, पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपातली बंदूक क्युरिओ, म्हणजे संग्रहाची जुनी वस्तू, धरली जाते, आणि ती चीनमध्ये बनलेली असली तरी आयातीच्या आधी सलग पाच वर्षं बंदी नसलेल्या देशात पडून असेल तर आणता येते. अल्बानियाच्या कोठारांतून चिनी माल आला तो असा. पण ती कोठारं काही परत भरत नाहीत. कॅनडात बंदी नव्हती, तिथे एम-१४ या जुन्या अमेरिकन लष्करी रायफलीची चिनी कॉपी लोक वर्षानुवर्षं घेत होते, १ मे २०२० ला तीही बंद झाली.

तेव्हा घ्यायचीच असेल तर जुन्यातलीच चांगली बघा. त्रिकोणात २६ असा शिक्का असेल तर ती चोंगचिंगच्या जियानशे कारखान्याची, मला त्याच सगळ्यात आवडतात. आणि भाव ठरवण्याआधी एक काम विसरू नका, रायफल रिकामी आहे ना ते बघून बोल्ट (गोळीमागे नळी बंद करणारा सरकता भाग) बाहेर काढा आणि कानाजवळ हलवा, आतली फायरिंग पिन मोकळी खुळखुळली पाहिजे. चिनी एसकेएसच्या पिनला सहसा स्प्रिंग नसते, जुनं ग्रीस आत घट्ट झालं असेल तर पिन पुढे अडकते आणि बोल्ट बंद होताच चाप न ओढता गोळी सुटते, कधीकधी पाठोपाठ सगळ्याच. विकणारा बोल्ट काढू देत नसेल तर दुसरी बघा.