चेहऱ्याला पथ्य, बाकी सगळी चैन

"ताई, तुम्ही चेहऱ्याला नक्की काय लावता?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि नेमका अशा जागी येतो जिथे उत्तर द्यायला वेळच नसतो. ट्रान्स हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात, म्हणजे ठाण्याहून गाडी सुटली की दीघागाव, ऐरोली आणि लगेच माझं रबाळे, तेवढ्यात काय सांगणार. सोसायटीच्या लिफ्टमध्ये. परवा तर केळवणात, एका हातात श्रीखंडाची वाटी आणि दुसऱ्या हातात जाऊबाईंचा नातू. मग मी आपलं "काही नाही गं, साधंच" म्हणते आणि समोरचीला वाटतं ही लपवतेय. लपवत नाहीये हो, उत्तर लांबलचक आहे. आता तुम्ही विचारलंतच तर आज बसून लिहिते.

आधी निराशाच करते. चेहऱ्याला मी तीन गोष्टी लावते आणि तिन्हींना वास म्हणून नाही. बिनवासाचा फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. संपलं. माझा चेहरा गेली सहा वर्षं पथ्यावर आहे, मुगाच्या खिचडीवर म्हणा ना. चैन आहे ती बाकी सगळीकडे, अंगाला, पायांना, कपाटात, पर्समध्ये, आणि त्याबद्दल मी पान भरून बोलू शकते. पण पथ्य का लागलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

धाकट्या मुलाच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. तपकिरी नकाशे. भाच्याचं लग्न तोंडावर होतं म्हणून मी एका पार्लरमध्ये विचारलं, तर त्या बाईने ड्रॉवरमधून एक पांढरी डबी काढून दिली. वर कंपनीचं नाव नाही, आत काय आहे ते नाही, काहीच नाही. "हर्बल आहे, ठाण्यातल्या सगळ्या नवऱ्या हेच लावतात." मी पण लावलं. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की विचारू नका, त्या लग्नाच्या अल्बममध्ये मी नवरीपेक्षा उजळ दिसतेय आणि नवरीने ते मला अजून माफ केलेलं नाही. मग डबी संपली. चार दिवसांत गाल लाल, नुसती आग आग, उन्हात गेलं की तर मिरच्या वाटून लावल्यासारखं. घाबरून दुसरी डबी आणली, लावली, सगळं शांत. ती संपली, परत आग. असे चार महिने गेले आणि मग एकदाची स्किनच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि पहिला प्रश्न, "डबीवर काय लिहिलंय?" म्हटलं काही नाही. "मग त्यात स्टिरॉइड असणार." चेहऱ्यावर रोज स्टिरॉइड चोळलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि कातडीला त्याची सवय लागते, सोडलं की भडका उडतो. वांगासाठी डॉक्टर स्वतः कधीकधी स्टिरॉइड असलेलं मिश्रण देतात, पण मोजून थोडे आठवडे आणि त्यांच्या नजरेखाली. २०१८ पासून तर कितीतरी स्टिरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायलाच मनाई आहे. पण ज्या डबीवर नावच नाही तिला कसली चिठ्ठी आणि कसली मनाई. गाल ताळ्यावर यायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत वासाचं काहीही चेहऱ्याला लावायचं नाही असं सांगितलं होतं, ते मी नंतरही चालूच ठेवलं. कोणी बिनलेबलची डबी दिली तर कृपया घेऊ नका, एवढं एकच मी या सगळ्यात हात जोडून सांगते.

सनस्क्रीनवर दोन शब्द, कारण जे काही काम करतंय ते तेच करतंय. कुठलं घ्यायचं? जे तुमच्या खिशाला परवडेल आणि जे लावल्यावर तुम्हाला तोंड धुवावंसं वाटणार नाही ते. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे किरण, अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, त्यामुळे शंभराच्या मागे धावण्यात अर्थ नाही. खरी गोम किती लावतो त्यात आहे. दोन बोटांवर, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा ओढायच्या, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. आपण सगळ्या वाटाण्याएवढं लावतो आणि म्हणतो फरक पडत नाही. आणि वांग असतील तर रंगाचं घ्या, टिंटेड म्हणतात ते, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांगाला नुसत्या यूव्हीने नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेसुद्धा खतपाणी मिळतं आणि तो उजेड हे ऑक्साइड अडवतं. ऑफिसात माझी खुर्ची काचेच्या खिडकीला लागून आहे, काचेतून यूव्हीए, म्हणजे यूव्हीचाच दुसरा प्रकार, येतंच, म्हणून जेवणानंतर मी परत लावते. बाजूच्या टेबलवरचे सावंत हसतात. हसू देत.

चला, आता मजेचं.

चेहऱ्याचा वास गेला तसं माझं नाक उपाशी राहिलं असावं, कारण त्या वर्षापासून मी वस्तू वासावरच घ्यायला लागले. पहिला नंबर मैसूर सँडल सोप. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडकली आणि मैसूर संस्थानात लाकूड नुसतं पडून राहिलं, तेव्हा महाराजा कृष्णराज वाडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी त्याचं तेल काढायचा कारखाना काढला, १९१६ ची गोष्ट, आणि त्यातून हा साबण निघाला. अजूनही कर्नाटक सरकारची बेंगळुरूतली कंपनीच काढते. खोक्यावर हत्तीच्या तोंडाचा सिंह असतो, तो शरभ. मी चार वड्या एकदम आणते आणि आणल्या आणल्या वापरत नाही, दोन महिने साड्यांच्या कपाटात ठेवते. त्याने दोन कामं होतात, साड्यांना वास लागतो आणि साबण सुकून कडक होतो, म्हणजे जास्त दिवस पुरतो. ही माझ्या आईची युक्ती. खोकी पण टाकायची नाहीत, ती ब्लाउजच्या घडीत. आमच्याकडे पैठणी बाहेर काढली की लेक म्हणते "आला बेंगळुरू".

मोती फक्त दिवाळीत. तो गोल गरगरीत साबण कुठल्याच साबणदाणीत बसत नाही, हातातून निसटून थेट मोरीत जातो, आणि तरी चार दिवस तोच पाहिजे. गुलाब की चंदन यावर आमच्या घरात दोन तट आहेत. वर्षभर वापरून बघितला एकदा. नाही जमलं, जूनमध्ये अभ्यंगस्नान झाल्यासारखं वाटायला लागलं.

विको टर्मरिक मी लहानपणापासून बघत आलेय, आईच्या आरशाच्या फळीवर ती ट्यूब कायम असायची, पिवळसर, चंदनाच्या तेलाचा वास. ही क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन यावरून कंपनीचं आणि एक्साइजचं कितीतरी वर्षं कोर्टात चाललं आणि शेवटी औषध ठरली म्हणे. आईने ते आधीच ठरवलं होतं, भाजलं लाव, कापलं लाव, स्थळ बघायला येणार लाव. माझ्या चेहऱ्याला आता ती बंद, म्हणून कोपरांना लावते. कोपरांची काही तक्रार नाही.

पायांना कैलास जीवन. यात मी ऐकून घेणार नाही. रात्री झोपताना गार पाण्याने पाय धुवायचे, पुसायचे, तळव्यांना कैलास जीवन चोळायचं आणि जुने मोजे घालायचे. लोकलमध्ये उभं राहून भेगाळलेल्या टाचा यानेच बुजतात, महागाच्या फुट क्रीमने मला कधी फरक पडला नाही. कापराचा तो गार वास आला की माझी झोप अर्धी आलेलीच असते. आजी तर ते चमच्याने पोटातही घ्यायची. मी नाही घेत, तुम्हीही आपले तळवेच बघा.

केसांना साधं खोबरेल, शनिवारी रात्री कोमट करून. त्यात मी जास्वंदाची फुलं आणि माका टाकते, पण ते वासासाठी आणि आईच्या आठवणीसाठी, त्याने केस उगवतात असं मी सांगणार नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरे आहे. लिपस्टिकबद्दल मला विचारू नका, वीस वर्षं एकच मरून शेड वापरतेय. काजळ लॅक्मेचं, दुपारी दोनपर्यंत टिकतं, मग पांडा.

आणि सोनचाफा. हे मी सौंदर्यप्रसाधनात धरते, तुम्ही धरा किंवा नका धरू. पावसाळा सुरू झाला की स्टेशनबाहेर वसईचा चाफा यायला लागतो, फुलवाल्या मावशी छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-आठ फुलं भरून देतात, पिवळीधमक. एक केसात, दोन पर्समध्ये, उरलेली ऑफिसच्या टेबलावर कपात पाणी घालून. आमच्या रबाळ्याच्या बाजूला एमआयडीसीचा एक वास असतो, ज्यांनी घेतलाय त्यांना माहितीये, काही सकाळी उतरल्या उतरल्या नाकात जातो. त्या वेळी पर्सची चेन अर्धी उघडायची आणि रिक्षाच्या लाइनीत उभं राहायचं. सगळे पैसे तिथे वसूल. चैत्र-वैशाखात चाफ्याच्या जागी मोगरा, तो मात्र ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून, सकाळी लवकर, आणि गजरा नाही तर सुटा घ्यायचा. गजऱ्यात दोरा जास्त असतो.

मे महिन्यासाठी एक अत्तर सांगते, मिट्टी. उत्तर प्रदेशात कन्नौजला करतात. भाजलेली माती तांब्याच्या भांड्यात पाण्यासोबत उकळतात आणि ती वाफ दुसऱ्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात, म्हणजे पहिल्या पावसाचा वास अक्षरशः बाटलीत. कानामागे काडीने एक टिपका, बास. पहिल्यांदा लावून ऑफिसला गेले तेव्हा शेजारचे तेच सावंत खिडकीबाहेर बघून म्हणाले, "पाऊस पडला की काय कुठे?" खऱ्या चंदनाच्या तेलातलं महाग असतं, स्वस्तात मिळालं तर समजायचं की आत दुसरंच काहीतरी तेल आहे, तेही वाईट नसतं पण तासाभरात उडतं. कपड्यांना लावू नका, डाग पडतो, माझा एक पांढरा कुर्ता त्यात गेला.

आता वस्तू नसलेली चैन. शनिवारी मला अर्धा दिवस असतो, दुपारी ठाण्याला उतरले की मी घरी फोन करून सांगते "गाडी लेट आहे". नवऱ्याला माहितीये गाडी लेट नाही, मला माहितीये त्याला माहितीये, पण कोणी विषय काढत नाही. कुंजविहारची लस्सी, मग चालत तलावपाळी, बाकावर अर्धा तास, फोन पर्समध्ये. कधी राम मारुती रोडला एक चक्कर, आणि टिकल्यांचं एक पाकीट, घरी सतरा पडलेली असताना. ज्या दिवशी जास्तच दमलेली असते त्या दिवशी नौपाड्यात एका बाईंकडे जाते, घरातच खालच्या खोलीत करतात, चाळीस मिनिटं डोक्याला मालिश. बोलत नाहीत अजिबात. रेडिओ लावतात हळू आवाजात, बोटं अशी चालतात की कवटीच्या आतलं महिन्याचं क्लोजिंग, मुलाची बारावी, सासूबाईंचा गुडघा सगळं तेलाबरोबर खाली उतरतं, आणि शेवटी मानेच्या मागे एक जागा अशी दाबतात की मी दर वेळी "आई गं" म्हणते आणि त्या दर वेळी तेवढंच एक हसतात. बाहेर पडते तेव्हा केस चपचपीत, काजळ फिसकटलेलं, आणि नेमक्या त्याच अवतारात कोणीतरी ओळखीची भेटते आणि म्हणते, "काय फ्रेश दिसतेस गं, काय लावलंस?"

वरचं सगळं विचारा, दुकानं विचारा, साबणाची वडी हवी तर कपाटातून काढून देईन. त्या बाईंचा नंबर तेवढा मागू नका, शनिवारी आधीच वेटिंग असतं.