अडकित्ता आणि पेकन

ऑक्टोबर उजाडला की मागच्या शेडच्या पत्र्यावर टपटप सुरू होते. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओचं हे घर घेतलं तेव्हा "झाड मोठं आहे, पाला फार पडतो" एवढंच कानावर आलं होतं. झाड पेकनचं निघालं, म्हणजे अक्रोडाच्या कुळातल्या, कठीण कवचाच्या लांबट फळाचं. बरं, वर्षाआड धरतं, अगदी आपल्या हापूससारखं. एका साली बादल्या भरतात, दुसऱ्या साली जे काय येईल ते खारी उरकून टाकतात.

आई साताऱ्याहून आली ती नेमकी बहराच्या वर्षी. पेकन हातात घेऊन म्हणाली, "सुपारी कुणी लांब ओढलीय का गं?" आणि लगेच बाबांचा अडकित्ता काढला. कवच फुटलं, आतल्या गराचा भुगा झाला. मधला तपकिरी पापुद्रा चुकून तोंडात गेला तर जीभ तुरट होऊन बसते, म्हणून तो वेचत बसायचं. दोन तासांत वाटीभर चुरा. करंजीच्या सारणाला ठीक, पण गुळाच्या पाकात घालून चिक्की करायची तर अख्ख्या फोडी हव्यात.

'पेकन' हा शब्दच मुळी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्वियन भाषांमधून आला. दगडाने फोडावं लागतं ते फळ, असा त्याचा अर्थ. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग वरवंटा का नाही आणलास?"

आमचं झाड रायवळ. बी लावून आईसारखंच झाड येत नाही, हे आंब्यावाल्यांना सांगायला नको. पेकनचं कलम लुइझियानात १८४०च्या दशकात बांधलं ते ओक अॅली मळ्यावरच्या अंत्वान नावाच्या माळ्याने. तो गुलाम होता. आडनाव कुठे नोंदलेलं नाही. त्याच्या झाडांच्या फळांना १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात शाबासकी मिळाली आणि जातीला नाव पडलं 'सेंटेनिअल', म्हणजे शताब्दी. देशाची शताब्दी हो, त्याची नव्हे.

आईचा चुरा बघून शेजारच्या मेक्सिकन आजी खो खो हसल्या. आदल्या रात्री पाण्यात भिजवायचे, मग टोकांवर दाब द्यायचा, मधे नाही. हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं, आणि ती शिकली याच शहरातल्या पेकन सोलायच्या खोल्यांत. कोंदट जागा, टरफलाची धूळ आणि पौंडभर गराला सहा-सात सेंट. हात इतके स्वस्त होते की यंत्रं घेणं मालकांना परवडत नव्हतं! १९३८च्या जानेवारीअखेरीस मजुरी आणखी कापली तेव्हा हजारो कामगार, बहुतेक बायका, काम टाकून रस्त्यावर आल्या. पुढे होती एकवीस वर्षांची एमा तेनायुका. त्याच वर्षी तासाला २५ सेंट किमान वेतनाचा कायदा झाला. मग मात्र मालकांनी यंत्रं आणली, आणि हजारोंचं काम गेलं.

आजींच्या आईचंही गेलं. त्या हे सांगत होत्या आणि बोटं चालूच होती. समोर अख्ख्या फोडींचा ढीग. आई त्यांच्या बोटांकडे बघत राहिली, आणि अडकित्ता तिने हळूच पदराखाली सरकवला.

दिवाळीला चिक्कीचा डबा घेऊन दोघी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं, एक वडी उजेडात धरली आणि आधी अख्ख्या फोडी मोजल्या.

"चार," म्हणाल्या. "सुधारणा आहे."